पेशीचे भाग घरच्या उदाहरणांनी समजवायचे, तर नाशकात कशावरून?

गोदाकाठची

आठवीतल्या लेकीचा विज्ञानाचा 'पेशी व पेशीअंगके' हा धडा चालू आहे. परवा रात्री ती मोठ्याने पाठ करत होती, "तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या." मी मेथी निवडत बसले होते. विचारलं, "आत्मघाती म्हणजे काय गं?" तर म्हणाली, "आई, एवढंच लिहायचं असतं."

मला काही चैन पडेना. मग मी तिला माझ्या माहेरच्या वाड्याचीच पेशी करून दाखवली. जुन्या नाशकातला दोनचौकी वाडा, आता तिथे इमारत झाली, पण लहानपणी ती तिथे खेळलेली आहे. दिंडी दरवाजा म्हणजे पेशीपटल, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाची ओसरीवरच बोळवण करायची ते ठरवणारं. आजोबांच्या खोलीतली शिसवी पेटी म्हणजे केंद्रक. तीत खरेदीखतं, कुंडल्या आणि आजीची पाककृतींची वही. चूल म्हणजे तंतुकणिका. बोळ आणि जिने म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. दिवाळीत फराळाचे डबे भरून प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावणारी माझी काकू म्हणजे गॉल्गी संकुल. परसातला उकिरडा म्हणजे लयकारिका.

लेक खूश झाली. पण अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "आई, मग पेशीत आजोबा कोण? मालक कोण?" मी म्हटलं, केंद्रक. ती म्हणाली, "केंद्रक तर पेटी आहे ना?"

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझा वाडा कुठे चुकतोय? आणि तिला काय उत्तर देऊ? शनिवारी तिला वर्गात दहा मिनिटं बोलायचं आहे. कारखान्याचं उदाहरण नको, निम्म्या वर्गाने तेच घेतलंय. आपल्या नाशकातलं काही सुचवा.

पंचवटीकर

वाडा फार आवडला. काकूंना गॉल्गी केलंत ते तर अगदी चपखल. वाचतोय.

मिसळ_आणि_पाव

दिंडी दरवाजा बदला, ताई. दरवाजा लाकडाचा, भिंत दगडाची. पेशीपटल तसं अजिबात नसतं. त्याला उदाहरण एकच, मिसळीच्या रश्श्यावरची तर्री.

खरंच सांगतो. तर्रीतून चमचा फिरवा. क्षणभर फट पडते आणि लगेच मिटते. पेशीपटल तसंच पातळ, तेलकट आणि वाहतं असतं. त्यातल्या मेदाच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. म्हणून ते दोन थरांत उभे राहतात, पळपुटी टोकं आत, पाण्याची टोकं बाहेर. दारं म्हणजे त्यात तरंगणारी प्रथिनं. तर्रीत बुडलेल्या मटकीसारखी ती इकडून तिकडे सरकतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी हे चित्र १९७२ साली मांडलं.

सूक्ष्मदर्शी

तर्रीला माझं पूर्ण अनुमोदन. पस्तीस वर्षं महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, हे उदाहरण मला कधी सुचलं नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बारीक सुईने स्त्रीबीजाला टोचून शुक्राणू आत सोडतात. सुई काढली की पटल आपलं आपण मिटतं. भिंत असती तर भोक राहिलं असतं.

एक फरक तेवढा सांगा. तर्री वर तरंगते, खाली रस्सा आणि वर हवा. पेशीपटलाच्या दोन्ही बाजूंना पाणीच असतं, म्हणून त्याला दुहेरी थर लागतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज जातात. साखरेला, मिठाच्या कणांना दार लागतं. पाण्याचीसुद्धा खास दारं असतात. ती शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं.

पंचवटीकर

आता रविवारी मिसळ खाताना मी चमचा फिरवत बसणार आणि बायको विचारणार, काय झालं म्हणून.

द्राक्षबाग

काकूंचा डबा छान आहे, पण गॉल्गीचं काम मला आमच्या पॅकहाऊसमध्ये जास्त दिसतं. दिंडोरी तालुक्यात बाग आहे, निर्यातीचा माल करतो.

बागेतून क्रेट एका दाराने आत येतात. आधी घड टेबलावर. बायका कात्रीने तडकलेले, डागी मणी काढतात. मग वजन, मग पनेट, मग लेबल, मग शीतगृह, आणि दुसऱ्या दाराने कंटेनरमध्ये. माल उलटा फिरत नाही. प्रत्येक पेटीवर बागेचा नोंदणी क्रमांक असतो. एका वर्षी आमच्या दोन पॅलेटची लेबलं अदलाबदल झाली. द्राक्षं एक नंबर होती, पण भलत्या ठिकाणी गेली आणि पडून राहिली. माल चांगला असून उपयोग नाही, पत्ता बरोबर लागतो.

पेशीतही असं होतं का? जाणकारांनी सांगावं.

सूक्ष्मदर्शी

@द्राक्षबाग, तुम्ही ज्यावर बोट ठेवलंत तो एक खरा आजार आहे.

पेशीत कचरा पचवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार होतात तेव्हा गॉल्गीमध्ये त्यांच्यावर एक छोटी खूण चिकटवली जाते. तिचं नाव मॅनोज-६-फॉस्फेट. ही खूण म्हणजे "लयकारिकेत पोचवा" असं लेबल. काही बाळांमध्ये जन्मतःच ही खूण चिकटवणारं विकर नसतं. मग पचवणारी विकरं तयार होतात, उत्तम होतात, पण पेशीबाहेर जाऊन रक्तात पडतात. आत लयकारिका न पचलेल्या मालाने ठासून भरतात. आय-सेल आजार म्हणतात त्याला. रक्त तपासलं तर विकरं भरपूर, आणि बाळ मात्र खंगत जातं. तुमच्या त्या दोन पॅलेटसारखंच.

पॅकहाऊसची दोन दारंही बरोबर आहेत. गॉल्गीला आवकीची बाजू असते आणि जावकीची बाजू असते. कॅमिलो गॉल्गी यांनी १८९८ साली घुबडाच्या मेंदूतल्या पेशींमध्ये हे जाळं पहिल्यांदा पाहिलं.

गोदाकाठची

अंगावर काटा आला. इतकी वर्षं "गॉल्गी संकुल: स्रावी अंगक" एवढंच ठाऊक होतं.

घंटानाद

उकिरड्याबद्दल. उकिरडा म्हटलं की मुलांना वाटतं कचरा तिथे पडून राहतो. त्यापेक्षा घंटागाडी आणि पाथर्डीचा खत प्रकल्प घ्या. रोज सकाळी घंटा वाजली की आमच्या गल्लीत बादल्या बाहेर येतात, पोरांना ते चित्र पाठच आहे. ओला कचरा कुजतो, खत होतं आणि पुन्हा कोणाच्या तरी वांग्याच्या वाफ्यात जातं.

सूक्ष्मदर्शी

खत प्रकल्पच घ्या. लयकारिका जुनी प्रथिनं फोडून त्यांचे सुटे भाग पेशीला परत देतात. पेशी आपलेच जुने भाग कसे मोडून वापरते, हे उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

आता ते "आत्मघाती पिशव्या". लयकारिका शोधली ख्रिश्चन द डुव्ह यांनी, १९५५ मध्ये. पिशवी फुटली तर आतली विकरं पेशीलाच खातील, ही कल्पना तिथून आली. पण लयकारिकेच्या आत लिंबासारखा आंबटपणा नसला तरी चांगलंच आम्ल असतं, पीएच साधारण ५. बाहेर पेशीद्रव्यात ७.२ च्या आसपास. ही विकरं आम्लातच जोमाने चालतात. एखादी पिशवी फुटली तर ती बाहेर येऊन बरीचशी थंड पडतात. पुष्कळ फुटल्या तरच जीवावर बेततं. रोजचं काम खताचं आहे. मुलांना मात्र आत्मघात तेवढा लक्षात राहतो, याचं मला नेहमी वाईट वाटत आलंय.

कांदेनवमी

मी लासलगावची, त्यामुळे कांदा आणल्याशिवाय राहणार नाही.

पेशीत इतके कप्पे कशाला, हा प्रश्न लेकीला पडला असेल तर तिच्या हातात कांदा आणि विळी द्या. अख्खा कांदा नाकाला लावा, डोळ्यात पाणी येत नाही. चिरला की येतं. का? कांद्याच्या पेशीत गंधकाचा एक पदार्थ पेशीद्रव्यात असतो आणि त्याला फोडणारं विकर रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या मोठ्या पिशवीत, वेगळं ठेवलेलं असतं. विळी फिरली की पिशवी फुटते, दोघं भेटतात, एक दुसरं विकरही कामाला लागतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो.

म्हणजे ज्या गोष्टी एकत्र येता कामा नयेत त्या एकाच पेशीत, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर, वर्षभर चाळीत शांत पडून असतात. मधे फक्त एक तर्री.

मिसळ_आणि_पाव

"मधे फक्त एक तर्री." वा!

पंचवटीकर

कांदा वर्षभर चाळीत टिकतो? आमच्याकडे तर पावसाळ्यात निम्मा सडतो.

कांदेनवमी

@पंचवटीकर, उन्हाळ कांदा टिकतो, पाच-सहा महिने. वर्षभर म्हटलं ते जास्तच झालं, मागे घेते. लाल कांदा तर आला की विकायचा. आणि चाळीला खालून-बाजूने हवा खेळती लागते. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, तेव्हाच त्याला हवा लागते ना? तेही पेशीचंच काम.

तांबट_गल्ली

चुलीबद्दल माझं वेगळं मत आहे.

पुस्तकात ऊर्जाकेंद्र म्हटलं की मुलांच्या डोळ्यासमोर एकलहरेच्या चिमण्या येतात. गावाबाहेर एक मोठं केंद्र आणि तिथून तारांनी वीज. पेशीत तसं नाही. यकृताच्या एका पेशीत हजारभर तंतुकणिका असतात. तेव्हा चूलही एक नव्हे, आणि माझ्या मते ती चूलच नव्हे. ते वाड्यातलं बिऱ्हाड आहे.

आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती. प्रत्येकाचा वेगळा संसार, वेगळा स्टोव्ह, वेगळे हिशेब. तंतुकणिकेचं तसंच आहे. तिचा स्वतःचा डीएनए आहे, छोटा गोल, माणसात ३७ जनुकांचा. प्रथिनं विणायला स्वतःचे रायबोझोम आहेत. आणि तिला दोन पटलं आहेत. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली ठासून मांडलं की अब्जावधी वर्षांपूर्वी एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला, पचला नाही, तिथेच राहिला आणि त्याची तंतुकणिका झाली. हरितलवकांचंही, म्हणजे वनस्पतीच्या पेशीतल्या हिरव्या कणांचंही, तेच. तिचं म्हणणं सुरुवातीला बऱ्याच नियतकालिकांनी छापायलाही नकार दिला होता.

बिऱ्हाडकरू आला तेव्हा एकटा होता. पुढे त्याने आपली बरीचशी कागदपत्रं मालकाच्या पेटीत ठेवायला दिली. आज तंतुकणिकेला लागणाऱ्या बहुतेक प्रथिनांची कृती केंद्रकात आहे. त्यामुळे आता तो सोडूनही जाऊ शकत नाही आणि वाडाही त्याच्याशिवाय चालत नाही.

अभ्यासू_आत्या

तांबट_गल्ली, फार सुंदर लिहिलंय. त्यात एक भर घालते. तंतुकणिका पेशीला नव्याने बनवता येत नाही. असलेलीच वाढते आणि दुभंगते. दह्याच्या विरजणासारखं. घरात दूध कितीही असो, चमचाभर विरजण नसेल तर दही नाही, ते शेजारून आणावं लागतं. आणि हे विरजण आपल्याला फक्त आईकडून मिळतं. वडिलांच्या शुक्राणूतल्या तंतुकणिका बीजात गेल्यावर नष्ट होतात. गोदाकाठची, तुमच्या लेकीच्या पेशींतलं विरजण तुमच्या आईचं, तिच्या आईचं. वाडा पाडला तरी ते राहिलंय.

गोदाकाठची

आत्या, हे वाचून आईला फोन केला. तिला निम्मं कळलं, पण ती रडली.

सुट्टे_पैसे

ऊर्जेबद्दल एक साधी गोष्ट सुटतेय. तंतुकणिका ऊर्जा "बनवत" नाही, सुट्टे करून देते. ग्लुकोज म्हणजे पाचशेची नोट. ती घेऊन भाजीवाल्या मावशीकडे दहाची कोथिंबीर घ्यायला गेलं तर त्या हात जोडतात. तंतुकणिका तिचे सुट्टे देते. एटीपी म्हणजे ती नाणी. ऑक्सिजन असेल तर एका ग्लुकोजची साधारण ३० ते ३२ नाणी मिळतात. नसेल तर फक्त २, आणि तीही तंतुकणिकेबाहेर. नाणी साठवून ठेवता येत नाहीत, सतत खर्च आणि सतत सुट्टे. दिवसभरात माणसाच्या शरीरात जेवढं एटीपी बनून मोडतं ते साधारण त्याच्या स्वतःच्या वजनाइतकं भरतं.

प्रेसकॉलनी

नोटेचा विषय निघालाच आहे तर केंद्रकाला नाशिकरोडची प्रेस घ्या ना! वडील तिथेच होते. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची. मूळ छापाच्या प्लेटा कधीच बाहेर जात नाहीत. बाहेर जातात त्या छापलेल्या प्रती. वडील सांगायचे, दारातून निघताना रोज झडती. केंद्रकाच्या पटलालाही अशी तपासणीची दारं असतात, हजारोंनी. डीएनए आत राहतो, त्याची प्रत म्हणजे आरएनए बाहेर जातो. ही प्रत काही मिनिटांत, तासांत, फार तर काही दिवसांत मोडीत निघते.

आणि जागा किती, तर एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर, आणि केंद्रकाची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी.

येवलेकर

प्रत बाहेर आली, मग पुढे? पुढे आमचं येवलं येतं.

रायबोझोम म्हणजे पैठणीचा माग. घरी चुलते विणतात, लहानपणापासून बघतोय. नक्षीचा कागद समोर असतो. पदरावरच्या मोराला जितके रंग तितक्या तिल्ल्या, म्हणजे रेशीम गुंडाळलेल्या बारक्या कांड्या. कागदात बघायचं, त्या रंगाची तिल्ली उचलायची, मोजक्या तारांतून काढायची, ठोकायचं, पुन्हा कागद. चुलते बोटांनी तारा मोजतात ते डोळ्यांना दिसतही नाही, इतक्या सवयीने.

रायबोझोम तेच करतो. आरएनएची प्रत म्हणजे नक्षीचा कागद. तो तीन-तीन अक्षरं वाचतो. प्रत्येक तिकडीसाठी ठरलेला रंग म्हणजे अमिनो आम्ल, आणि ते घेऊन येणारा छोटा आरएनए म्हणजे तिल्ली. रंग २०, तिकड्या ६४, त्यांतल्या ३ म्हणजे "विणणं थांबव". ही अक्षरं उकलण्यात हरगोविंद खुराना होते, १९६८ चं नोबेल. आणि माग कसा दिसतो ते अणूअणूपर्यंत दाखवणाऱ्या तिघांपैकी एक वेंकटरामन रामकृष्णन, चिदंबरमचे, २००९ चं नोबेल.

चुलत्यांची एक पैठणी काही महिने चालते. आपल्या पेशीतला माग सेकंदाला पाचेक अमिनो आम्लं विणतो.

निवृत्त_मास्तर

चर्चा रंगली आहे. पण मुलीचा मूळ प्रश्न बाजूला पडला. मालक कोण?

माझं मत स्पष्ट आहे, केंद्रकच मालक. पुरावा देतो. अ‍ॅसिटॅब्युलॅरिया नावाचं समुद्रातलं शेवाळ आहे, काही सेंटिमीटर उंच, आणि ते सगळं मिळून एकच पेशी. खाली मूळ, त्यात केंद्रक, मधे देठ, वर छत्री. दोन जातींच्या छत्र्या वेगळ्या. हेमरलिंग यांनी १९३० च्या दशकात एका जातीचा देठ दुसरीच्या मुळावर जोडला. शेवटी छत्री उगवली ती केंद्रकाच्या जातीची. ज्याची पेटी त्याची छत्री. यापुढे काय बोलणार?

प्रेसकॉलनी

मास्तर, बिनतोड.

सूक्ष्मदर्शी

मास्तर, प्रयोग खरा आहे आणि फार देखणा आहे. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. केंद्रक कापून टाकलेला नुसता देठ आठवडेच्या आठवडे जगला, इतकंच नव्हे तर त्यालाही छत्री आली. प्रेस बंद झाली तरी बाजारात आलेल्या नोटा काही दिवस फिरतात ना, तसं. केंद्रकाने आधीच पाठवलेल्या प्रती देठात साठलेल्या होत्या. त्या संपल्यावर दुसऱ्यांदा छत्री जमली नाही.

दुसरं, आपल्या लाल रक्तपेशी. रक्तात उतरण्याआधी त्या केंद्रकच टाकून देतात, तंतुकणिकाही टाकतात. तरी सुमारे १२० दिवस काम करतात. फक्त काही मोडलं तर नवं विणता येत नाही, कारण पेटी गेली.

आणि तिसरं, डॉली मेंढी, १९९६. कासेच्या पेशीचं केंद्रक काढून रिकाम्या स्त्रीबीजात घातलं. तेच केंद्रक, तीच कागदपत्रं, पण बीजातल्या पेशीद्रव्याने त्याला सगळं पहिल्यापासून वाचायला लावलं आणि अख्खी मेंढी झाली. इथे हुकूम कोणी कोणाला दिला?

निवृत्त_मास्तर

डॉलीचा मुद्दा मान्य. तरी पेटीशिवाय वाडा १२० दिवसांत संपतो हेही तुम्हीच सांगितलंत.

सूक्ष्मदर्शी

मान्यच. पेटीशिवाय वाडा टिकत नाही. पण वाड्याशिवाय पेटी एक दिवसही काही करत नाही. तिला वाचणारे लागतात.

कांदेनवमी

मालक कोण याचं उत्तर मी बाजार समितीतून देऊ का? लासलगावला कांद्याचा भाव कोण ठरवतो, असं विचारलं तर कोणाकडे बोट दाखवणार? आवक वाढली की भाव पडतो, पडला की माल चाळीत राहतो, राहिला की आवक घटते आणि भाव चढतो. बोली लावणारे शंभर, हमाल-मापारी वेगळे, ट्रॅक्टरवाला वेगळा. एकट्याच्या हातात काही नाही, आणि तरी सकाळी लिलाव होतो.

पेशीत असं काही आहे का हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून भाचीला विचारलं, ती फार्मसी करते. ती म्हणाली, अगदी असंच आहे. एटीपीची नाणी फार झाली की तीच जाऊन साखर फोडणाऱ्या एका विकराला चिकटतात आणि त्याला मंद करतात. नाणी खर्च झाली की ते पुन्हा जोरात चालतं. कोणी सांगायला येत नाही. विकराचं नाव फॉस्फोफ्रक्टोकायनेज, म्हणायला मला तीन वेळा लागले.

सुट्टे_पैसे

आवक आणि भाव! हेच, हेच उत्तर आहे. नाण्यांची आवक झाली की टाकसाळ आपोआप हळू.

अभ्यासू_आत्या

हमालांचाही उल्लेख झालाय म्हणून. पेशीत खरोखर हमाल आहेत. कायनेसिन नावाचं प्रथिन, दोन पायांचं, पाठीवर मालाची पिशवी घेऊन सूक्ष्मनलिकेच्या रुळावरून एकेक पाऊल टाकतं. पाऊल ८ नॅनोमीटरचं आणि प्रत्येक पावलाला एक एटीपी, म्हणजे एक नाणं हमाली. कण्यापासून पायाच्या अंगठ्याकडे जाणारी मज्जापेशी जवळजवळ मीटरभर लांब असते. त्या वाटेवर माल असाच पोचतो. परतीचा माल आणणारा हमाल वेगळा, डायनीन.

द्राक्षबाग

ताई, शनिवारी भाषणात सगळं घालू नका, दहा मिनिटं आहेत. पोरीला एकच गोष्ट नीट दाखवू द्या.

सूक्ष्मदर्शी

@द्राक्षबाग यांना अनुमोदन, आणि दाखवायची असेल तर खरी पेशी दाखवा. शाळेत सूक्ष्मदर्शक असेलच. गोदाकाठची, असं करा.

लाल कांदा घ्या. मांसल पापुद्र्याच्या बाहेरच्या, रंगीत बाजूची पातळ साल चिमट्याने ओढा. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यावर साल, वर आच्छादन काच. आधी आयोडीन घालू नका, त्याने पेशी मरते. विटांच्या भिंतीसारख्या गुलाबी पेशी दिसतील. तो रंग रिक्तिकेत असतो. मग काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने आतलं पाणी ओढा. दोन-तीन मिनिटं डोळा लावून बसा. गुलाबी रंग भिंतीपासून सुटून आत आक्रसायला लागेल. पेशीभित्तिका, म्हणजे वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेरून असलेली ताठ भिंत, जागेवर राहते, पेशीपटल आत येतं. भिंत आणि तर्री यांतला फरक डोळ्यांनी दिसेल. मग साधं पाणी सोडा, लवकर सोडलंत तर रंग परत पसरतो.

आतल्या पांढऱ्या बाजूच्या सालीत प्रकाश कमी करून बघितलं तर बारीक दाणे हळूहळू सरकताना दिसतात. शेवटी आयोडीन घाला, केंद्रक पिवळसर तपकिरी उठून दिसेल. तंतुकणिका मात्र शाळेच्या सूक्ष्मदर्शकात शोधत बसू नका.

पंचवटीकर

शनिवार झाला. काय झालं ते सांगा ना ताई.

गोदाकाठची

सांगते. उशीर झाला, क्षमस्व.

वाडा ठेवला, पण दिंडी दरवाजाच्या जागी तर्री आली, तेव्हा वर्ग हसला आणि मग एकदम शांत झाला. चुलीच्या जागी बिऱ्हाड. बाकी सगळं वगळून तिने कांदाच दाखवला. बाईंनी सूक्ष्मदर्शक टेबलावर आणून दिला आणि रांग लागली. पहिल्या खेपेला मीठ फार झालं, रंग आक्रसला तो परत आलाच नाही. दुसऱ्या पट्टीला थोडं कमी मीठ, आणि रंग परत पसरताना पाहून मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "जिवंत आहे!"

मालकाचा प्रश्न तिने स्वतःच वर्गाला विचारला. बहुतेकांनी केंद्रक म्हटलं. ती म्हणाली, "ती पेटी आहे. पेटी महत्त्वाची आहे, पण पेटी उठून स्वयंपाक करत नाही." मग लासलगाव सांगितलं. एका मुलीचे वडील कांद्याचे व्यापारी आहेत, तिला सगळ्यांत आधी कळलं.

मास्तर, तुमची छत्रीही सांगितली तिने, दोन्ही बाजूंनी.

निवृत्त_मास्तर

शाबास. तिला माझे आशीर्वाद सांगा.

सूक्ष्मदर्शी

फार आनंद झाला. आता तिला मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिलाची एक काडी आणून द्या. कोवळं पान अख्खंच पाण्याच्या थेंबात ठेवायचं, साल काढावी लागत नाही. थोडा वेळ उजेडात ठेवलं की हरितलवकं पेशीच्या कडेकडेने फिरायला लागतात.

गोदाकाठची

काल संध्याकाळी आणली. सूक्ष्मदर्शक बाईंनी रविवारपुरता घरी दिलाय. जेवायला तीनदा हाक मारली, उठली नाही. मग मीच जाऊन डोळा लावला. हिरवे दाणे एकामागून एक, सगळे एकाच दिशेने, कोपऱ्यावर जरा अडकून पुन्हा पुढे. ती घड्याळ घेऊन बसलीये, एका दाण्याला एक फेरी घालायला किती सेकंद लागतात ते मोजतेय. वरण गार झालं.